चाकातले भरीव तुकडे

ही वही कुणाच्या हाती पडली तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, आणि तीही फुलांचा हंगाम नसेल तेव्हा. वेलांटी कुठल्या बाजूला वळवायची ते मी आजही अंदाजानेच ठरवते. जोडाक्षर आलं की त्याच्याऐवजी दुसरा सोपा शब्द मिळतो का बघते. अक्षर असं आहे की किराण्याची यादी दिली तर दुकानदार म्हणतो, मावशी, तुम्हीच वाचून दाखवा. तेव्हा वाचणाऱ्याने रागावू नये. दुपारी घरात कुणी नसतं, टीव्हीही बंद असतो, तेव्हा मी लिहिते. तोंडाने मला कधीच काही नीट सांगता आलं नाही. चारचौघांत माझं वाक्य पुरं होण्याआधीच दुसरं कुणीतरी बोलायला लागतं. कागद मात्र मध्येच तोडत नाही.

आमचा गुलाबाचा मळा मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अंगाला होता. आता तिथे इमारती झाल्या आहेत आणि खाली गाड्या धुण्याचं दुकान आहे. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत मी. पहाटे विहिरीवरची मोटर सुरू झाली की तिची घरघर भिंतीतून गोधडीत यायची आणि मला जाग यायची. आप्पा आणि भाऊ कात्र्या घेऊन वाफ्यात शिरायचे, आई पाट्या भरून आणायची आणि मी पडवीत गोणपाटावर बसून जुड्या बांधायची. खालची पानं ओरबाडायची, जाड फडक्याने काटे ओढून घ्यायचे, मग कळ्या अशा लावायच्या की वरच्या थराची डोकी खालच्या थराच्या डोक्यांवर येणार नाहीत. वरून जुनं वर्तमानपत्र आणि केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीची, गाठ. सोप कोरडा असला तर तुटतो, फार ओला असला तर कागद भिजतो. गाठ घट्ट झाली तर पाकळी मुरगळते, सैल राहिली तर फुलं आपसांत घासतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, बोटांनी आपलं आपण धरलं होतं. बाजारात आमचा माल ज्यांच्या अडतीवर जायचा त्यांना सगळे मामा म्हणायचे. ते आमची पाटी उतरवताना म्हणायचे, "ही शकूची बांधणी ना? मग सोडून बघायची गरज नाय." मला आयुष्यात कुणी दिलेलं प्रमाणपत्र ते एवढंच.

बाजारात मी भाऊबरोबर जायची. त्याच्या मोटारसायकलला मागे लोखंडी कॅरिअर होतं, त्यावर मोठी पाटी आणि दोन्ही बाजूंना दोन गोण्या. सीटवर उरलेल्या वीतभर जागेत मी दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायची, एक हात भाऊच्या खांद्यावर, एक हात मागे पाटीला. थंडीत गोदावरीवरच्या पुलावर आलो की डोळ्यांत पाणी यायचं. माल उतरला की भाऊ चहा आणि टोस्ट घ्यायचा. माझ्या बशीत तो आपला अर्धा टोस्ट ठेवायचा आणि म्हणायचा, "खा, वाळली फांदी." आम्ही फार काही बोलायचो नाही. पण त्या टोस्टवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही हे मला ठाऊक होतं.

मग भाऊचं लग्न झालं आणि नंदावहिनी आली. ती सातपूरची. तिचे वडील कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. वहिनी दहावी झालेली, उंच, मोठ्याने हसणारी. आल्या आल्या तिने मामांशी दरावरून हुज्जत घातली आणि जुडीमागे जास्त पैसे आणले. त्या दिवशी जेवताना आई मला म्हणाली, "शकू, तू मुखदुर्बळ. उद्यापासून नंदा जाईल बाजारात, हिशेब बघेल. तू घरी निवांत जुड्या बांध." निवांत हा शब्द मी तेव्हापासून कुणासाठी वापरत नाही.

तर सीट गेली. टोस्ट गेला. मी पडवीतून बघायची, वहिनी माझ्यासारखी अंग चोरून नाही, ऐसपैस बसायची, आणि गाडी बांधावरून वळताना भाऊच्या कानात काहीतरी बोलून हसायची. संध्याकाळी तिने डुबुकवड्या केल्या तर आप्पा वाटी पुढे करून म्हणाले, "रस्सा जमला बरं का." माझ्या भाकरीला आप्पा जन्मात काही म्हणाले नव्हते. भाकरीला कोण काय म्हणतं? वहिनी वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती माझे केस विंचरून द्यायची, सातपूरहून माझ्यासाठी बांगड्या आणायची, आणि ते सगळं मला टोचायचं. तिच्याजवळ द्यायला इतकं होतं आणि माझ्याकडे घेण्याशिवाय काही नव्हतं. एक जुड्या तेवढ्या माझ्या होत्या. त्यांना तिने हात लावला नव्हता.

आता गाडीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या पोटात, हबमध्ये, रबराचे जाड तुकडे बसवलेले असतात. चेन ज्या दातेरी चक्राला ओढते ते चक्र थेट चाकाला ढकलत नाही, आधी या रबरांना ढकलतं आणि रबर चाकाला. त्यामुळे गिअर बदलताना किंवा गाडी उचलताना बसणारा झटका रबर गिळून टाकतो. आमच्या गाडीवर ओझं इतकं असायचं की ते रबर सहा महिनेसुद्धा टिकत नव्हते. चुरा होऊन बाहेर यायचे, मागून खडखड सुरू व्हायची आणि नाक्यावरचा सलीम मिस्त्री म्हणायचा, "भाऊ, गाडी आहे, बैल नाही. वजन कमी करा, नाहीतर दरवेळी रबर टाका." प्रत्येक वेळी एक दिवस बाजार बुडायचा. एकदा असाच बाजार बुडाला तेव्हा वहिनी म्हणाली, "माझ्या बाबांना सांगते. ते भरीव तुकडे करून देतील. धातूचे. परत बदलायलाच नको."

पुढच्या रविवारी तिचे वडील आले. बारीक, पांढऱ्या मिशांचे, हातरुमालात तुकडे गुंडाळून आणलेले. जुन्या रबराच्या मापाने कापून, घासून, कडा गोल करून आणलेले ते ॲल्युमिनियमचे तुकडे असे चमकत होते की आईने एक हातात घेऊन विचारलं, "ह्ये देव्हाऱ्यात ठिवायचं का चाकात?" सगळे हसले. त्यांनी स्वतः चाक खोललं, तुकडे ठोकून बसवले. भाऊने गाडी बांधापर्यंत नेऊन आणली आणि उतरताना ओरडला, "काय उचलते रे! मूठ पिळली की लगेच पुढं!" आप्पांनी व्याह्यांना टॉवेल-टोपी दिली. वहिनीचा चेहरा त्या दिवशी असा फुलला होता की मी विहिरीकडे निघून गेले. माझ्या बापाने माझ्या नावाने एक तुकडासुद्धा कधी घासून आणला नव्हता, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या मनात येत होतं.

त्यानंतर आठवडाभरात मामांचा निरोप आला. फुलांच्या कडा काळ्या पडतायत. पाकळ्या मुरगळल्यात, दर कमी लागेल. भाऊने पडवीत येऊन एक परत आलेली जुडी माझ्यापुढे टाकली. "शकू, लक्ष कुठं हाय तुझं?" मी ती सोडून बघितली. बाहेरच्या फुलांच्या पाकळ्यांना काळी किनार आली होती, जशी कुणी चिमटीत धरून चुरल्यावर येते. गाठ माझी होती. घडी माझी होती. दुसऱ्या दिवशी मी सोप जरा सैल बांधला, तर आणखी काळी. घट्ट बांधला, तरी काळी. मधे दुहेरी कागद घातला. मामांनी वहिनीला सांगितलं म्हणे, "शकूचा हात बिघडला का?" वहिनीने ते मला जसंच्या तसं सांगितलं, वर म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, असं बोलू नका आमच्या ताईला." आमच्या ताईला. मला वाटलं, ती माझ्यावर सावली धरतेय आणि त्या सावलीसकट माझ्यावरच उभी आहे.

आमच्याकडे एक रीत होती. फुलं देवाला जाणारी, म्हणून बाईने अडचणीच्या दिवसांत फुलांना हात लावायचा नाही, पाटीला शिवायचं नाही. आता कुणी पाळत नाही आणि बरंच झालं. पण तेव्हा कडक होतं. माझे ते दिवस आले, मी मागच्या खोलीत गहू निवडत बसले आणि जुड्या वहिनीने आणि आईने बांधल्या. मी कान देऊन होते. संध्याकाळी भाऊ आला. आईने विचारलं, "आज कसा गेला माल?" भाऊ म्हणाला, "काळाच होता थोडा. ऊन फार हाय सध्या." ऊन! माझ्या हातून झालं की लक्ष नाही, वहिनीच्या हातून झालं की ऊन. माझ्या मुठीतला गहू मी इतका दाबला की तळव्यावर दाण्यांचे वळ उठले. पण त्या वळांबरोबर एक गोष्ट डोक्यात बसली. बांधणारे हात बदलले, आणि फुलं तशीच काळी. म्हणजे हात नाहीत.

मग वहिनीचे ते दिवस आले आणि सीट मला मिळाली. मी हट्टाने चार जुड्या पाटीत न ठेवता पदरात घेतल्या. गाडी सुरू झाली आणि मला कळलं. आधी ही गाडी पुढे सरकायची, आता धक्का मारत होती. प्रत्येक गिअरला मान मागे जायची, प्रत्येक ब्रेकला पुढे, आणि मागे कॅरिअरवर पाटी दण् करून आपटायची. आत सगळ्या जुड्या एकमेकींत शिरत असणार. पूल येईपर्यंत माझी कंबर बोलायला लागली. बाजारात मामांनी पाटीतली जुडी सोडली, काळी. मी पदरातली पुढे केली. एकही डाग नव्हता. मामा म्हणाले, "ह्ये कुणाचं?" मी म्हणाले, "दोन्ही माझंच." मामा भाऊकडे बघून हसले, "मग पोरीच्या मांडीवरच आणत जा सगळा माल."

चहाच्या टपरीवर मी भाऊला सांगितलं, ते तुकडे काढ. धक्का थेट मालाला बसतो. रबर होते तोवर असं होत नव्हतं. भाऊने बशी खाली ठेवली. "सासऱ्यांनी हाताने करून दिलं, फुकट दिलं, आणि तुला त्याच्यात खोट दिसली?" तो पुढे म्हणाला, "तू जळतेस शकू. नंदा आली तेव्हापासून जळतेस. सगळ्यांना दिसतं." त्या दिवशी त्याने टोस्ट मोडला नाही, अख्खा माझ्या बशीत टाकला, भिकाऱ्याला टाकावा तसा. मला तो गिळवला नाही.

घरी रात्रीच्या जेवणाला मी पुन्हा तोंड उघडलं. माझ्यासारखीने दिवसातून दोनदा तोंड उघडायचं म्हणजे किती, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. आप्पा भाकरी कुस्करत ऐकत होते. वहिनी एका बाजूला बसली होती, तिचं ताट वेगळं. ती म्हणाली, "शकूताई, बाबांनी तीस वर्षं लेथवर काढली. त्यांचं काम आहे ते." आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. आई म्हणाली, "बघा बाई! पोरीचं मन असं आंबलं तर फुलं काळी पडतीलच. उद्यापासून जुड्या मी बांधते, तू पाणी धर." एवढंच. माझी पडवी गेली. मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटलं की आई म्हणाली ते निम्मं खरं होतं. मी जळत होते. जळणाऱ्या माणसाने खरं सांगितलं तरी त्याला धूर येतो, आणि लोक धुराकडेच बघतात.

मी वाफ्याला पाणी धरायला लागले. पाटाच्या मातीची दारं मोडायची, दारं लावायची. पडवीत आई माझ्या गोणपाटावर बसून गाठी मारायची, आणि तिची गाठ मला लांबूनसुद्धा चुकीची दिसायची. दर पडतच गेला. वहिनी येताना हसेनाशी झाली. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटायचं.

नवरात्राच्या आधी वणीच्या गडावर फुलांची मागणी चढते, तेव्हा एका पहाटे भाऊने नेहमीपेक्षा एक गोण जास्त लादली. उजाडता उजाडता ओळखीच्या टेम्पोतून दोघं परत आले. मागे गाडी आडवी टाकलेली. चढावर मूठ पिळताना मागून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि चाक जागच्या जागी अडकलं, वहिनी पाटीसकट रस्त्यावर. तिचा गुडघा सोलला होता, कोपरावर माती होती, आणि केसांत एक गुलाब तसाच अडकलेला. तशातही ती चांगली दिसत होती. हे माझ्या लक्षात आलं म्हणजे बघा.

सलीम मिस्त्रीने पडवीसमोरच चाक खोललं. आम्ही सगळे भोवती उभे. वहिनीच्या वडिलांचे तुकडे नव्यासारखे होते, ओरखडा नव्हता. ते ज्या खणांत बसतात त्या हबच्या भिंती मात्र फुटून त्यांचे कपचे झाले होते. मिस्त्री एक कपचा उचलून म्हणाला, "रबर स्वतः मरतो आणि चाकाला वाचवतो. हा मरत नाही, म्हणून चाक मेलं. मालाला पण झटके बसत असतील तुमच्या." मी या क्षणाची किती दिवस वाट बघितली होती. आता भाऊ माझ्याकडे वळेल, आई पदर तोंडाला लावेल. पण माझ्याआधी वहिनी पुढे झाली. लंगडतच. सगळ्यांसमोर म्हणाली, "शकूताई बरोबर होत्या. आपण त्यांचं ऐकलं नाही. बाबांना मी सांगेन, आणि ताई, तुमची माफी मागते." मग आप्पा मान हलवून म्हणाले, "मन मोठं लागतं असं म्हणायला. चांगल्या घरची पोर." आईने तिला जवळ घेतलं, भाऊ हळद आणायला पळाला. खरी मी निघाले, आणि कौतुक तिचं झालं! आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मी आत जाऊन चुलीत उगाच फुंकर मारत बसले, चूल पेटलेली असताना.

नवीन हब, रबर, वाकलेली चेन, सगळं मिळून बराच खर्च होता आणि माल पडल्यामुळे घरात पैसा नव्हता. माझ्याकडे होता. गळून पडलेल्या फुलांच्या मी वेण्या करून शेजारच्या बायकांना विकायची, ते पैसे पिठाच्या डब्यामागे साठवले होते. कानातली सोन्याची फुलं घ्यायची होती मला, वहिनीला होती तशी. मी तो बटवा आणून भाऊपुढे ठेवला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मी ते दयेने दिले नव्हते. मला या घरात एकदा तरी वहिनीपेक्षा वरच्या पायरीवर उभं राहायचं होतं. वहिनीने ते ओळखलं असावं. ती म्हणाली, "हे कर्ज तुमच्या भावाचं नाही, माझं. काम माझ्या बाबांचं होतं. मी फेडीन."

गाडी रबरावर परत आली, एक गोण कमी लादायचं ठरलं, आणि पडवी मला मिळाली. मामांनी पहिली जुडी न सोडता रचून ठेवली असं भाऊने सांगितलं, खाली बघत. सीट मात्र वहिनीचीच राहिली. ते मी धरून चालले होते. त्या बदल्यात मला दुसरं काही मिळालं होतं. वहिनी दुपारी शेजारणींचे ब्लाउज शिवायची, आणि दर बाजारच्या दिवशी माझ्याजवळ येऊन, थोडी वाकून, पैसे माझ्या हातावर ठेवायची. "मोजा, ताई." मी मोजायची, सावकाश. ती उभी राहायची. तेवढा वेळ ती देणेकरी आणि मी धनीण. तिचं हसणं, तिची उंची, तिचा रस्सा, तेवढ्या वेळात काही चालायचं नाही. पैशांपेक्षा त्या उभं राहण्याची मला गोडी लागली होती. एकदा ती म्हणाली, या वेळी जमलं नाही, तर मी इतक्या प्रेमाने म्हणाले, "राहू द्या हो वहिनी, घाई काय," की आई बघतच राहिली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती आली. मी जुड्या बांधत होते, बोटं ओली होती, तर तिने पैसे माझ्यासमोर गोणपाटावर ठेवले आणि या वेळी उभी राहिली नाही, माझ्याजवळ मांडी घालून बसली. "हे शेवटचे. झाले ना सगळे?" मी हात पदराला पुसले आणि मोजले. मग पुन्हा मोजले. एक तरी नोट कमी निघावी असं मला मनापासून वाटत होतं. वहिनीने तोवर एक कळी उचलून तिची खालची पानं काढायला घेतली होती, अगदी माझ्यासारखी. पैसे पुरते होते.